तीन दिवस शाळेत पाठवू नये

पेन्सिलीने दाखवलं त्यांनी. हातात रबरी मोजे होते, तरी पेन्सिलीने.

जुलैतला सोमवार, शाळा सुटायची वेळ. फाटकाबाहेर व्हॅनवाले, स्कूटीवरच्या आया, नातवंडांना न्यायला आलेले आजोबा. माझ्या मुलीला वॉचमनच्या खुर्चीशेजारी एकटीला उभं केलेलं. तिच्या दोन्ही वेण्या सोडलेल्या, रिबिनी तिच्याच मुठीत. शाळेच्या वेलनेस मॅडम, म्हणजे हेल्थ रूम ज्यांच्या ताब्यात आहे त्या, पेन्सिलीच्या टोकाने तिचे केस बाजूला करत होत्या.

"दिसतंय का तुम्हाला? इथे. आणि हे बघा, इथेही."

मी बघायला वाकले तशा मॅडम एक पाऊल मागे सरकल्या. मग त्यांनी ती पेन्सिल कचऱ्याच्या डब्यात टाकली. नवीन होती, अजून एकदाच टोक काढलेली. त्यावर मोजे काढून टाकले. मुलीच्या युनिफॉर्मला छातीवर सेफ्टी पिनने एक चिठ्ठी लावलेली होती. छापील इंग्रजी, मध्ये तिचं नाव, आणि खाली निळ्या पेनाने मराठीत, मला समजावं म्हणून वेगळं लिहिलेलं : उद्यापासून तीन दिवस शाळेत पाठवू नये.

चिठ्ठी हातात देता आली असती. दप्तरात घालता आली असती. त्यांनी ती आठ वर्षांच्या पोरीच्या छातीवर टोचली, आणि शाळा सुटेपर्यंत ती तशी उभी होती. बाजूने जाणारी प्रत्येक आई आधी चिठ्ठी वाचत होती, मग माझ्याकडे बघत होती, मग आपल्या पोराला पलीकडच्या बाजूला घेत होती.

मी काय म्हणाले ते मला लख्ख आठवतं. मी म्हणाले, "सॉरी मॅडम."

याची मला आजही चीड येते. त्यांची येते त्याहून जास्त, माझी येते.

कारण मी अडाणी नाही. मी आशा आहे. महापालिकेच्या आरोग्य केंद्राची आशा सेविका. ठाकुर्लीत ज्या चाळीत राहते तिथल्या आणि आसपासच्या वस्तीतल्या घराघरांत मी सात वर्षं फिरतेय. कुणाच्या बाळाची लस राहिली, कुणाला दिवस गेलेत, कुणाचा खोकला दोन आठवडे थांबत नाही, ते मी बघते. उवा म्हणजे घाणेरडेपणा नव्हे, एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जातात, पोरांना घरी बसवू नका, हे मी शंभर दारांत उभी राहून सांगितलंय. मनापासून सांगितलंय. माझ्या दारात आलं तेव्हा मी सॉरी म्हणाले.

"आत या. फॉर्म भरायचाय," मॅडम म्हणाल्या.

हेल्थ रूमला काचेचा दरवाजा. आत एसी, कार्टूनची चादर घातलेली खाट, वजनाचा चकचकीत काटा. मुलीला दाराबाहेर थांबवलं. मलाही खुर्ची दाखवली नाही. मॅडम टेबलामागे बसल्या, एक छापील कागद ओढला आणि मान वर न करता विचारलं, "आरटीईच्या ना तुम्ही? जातीच्या दाखल्यावर का उत्पन्नाच्या?"

खाजगी शाळेत गरिबांच्या आणि मागासांच्या मुलांसाठी पंचवीस टक्के जागा असतात. माझी समीक्षा त्यातून लागलेली. शाळेत सगळ्यांना ते माहीत, शिपायापासून. पण उवांच्या फॉर्मला ते कशाला लागतं, हे मला विचारायचं होतं. तोंडात आलेलं.

"जातीच्या," मी म्हणाले.

"वाटलंच."

एवढंच. सहज. राग नाही, कुत्सितपणा नाही, पाऊस येईल असं वाटलं आणि आला, तसं. त्यांनी एका चौकटीत खूण केली आणि कागद माझ्याकडे फिरवला. हमीपत्र होतं. पाल्याची वैयक्तिक स्वच्छता ही पूर्णपणे कुटुंबाची जबाबदारी आहे. पुन्हा तक्रार आल्यास शाळा योग्य तो निर्णय घेईल. परत येताना शाळेच्या पॅनलवरच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणणं बंधनकारक राहील. मी वाचलं. समजलं. सही केली.

"इंग्लिशमध्ये नाही येत का सही?"

"येते."

"मग करायची ना. फाइलला बरं दिसतं."

घरी आल्यावर मी मुलीशी बोलले नाही. तिला मोरीत बसवलं, शिवणाची कात्री घेतली आणि तिचे केस कापले. कमरेपर्यंत केस होते. माझ्या आईने मंडणगडाहून तेल करून पाठवलेलं, आठ वर्षं वाढवलेले केस. फणी होती घरात. औषध होतं, आरोग्य केंद्रातून मी स्वतः दुसऱ्यांच्या पोरींना नेऊन देते ते. मला फणी सुचली नाही. मला कात्री सुचली. कानाच्या वर, वाकडेतिकडे, खसाखसा.

उवा होत्या. खोटं कशाला बोलू. चार सापडल्या.

समू रडली नाही. फक्त एकदा म्हणाली, "आई, रियाच्या पण आहेत. ती माझ्याच बेंचवर बसते. तिचे नाही बघितले."

"गप बस," मी म्हणाले.

रिया म्हणजे पूर्ण फीवाल्यांची. तिचे वडील शाळेच्या पालक समितीवर. पोरीने मला सगळं त्याच दिवशी सांगितलेलं. मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून लिहून घेतलं. त्यांनी नीट बघितलं, भिंग लावून, आणि डोकं साफ आहे असं शिक्क्यानिशी लिहून दिलं. ते घेऊन शाळेत गेले. मॅडमनी लेटरहेड बघूनच परत केलं.

"हे कॉर्पोरेशनचं चालत नाही. पॅनलवरच्या डॉक्टरांचं हवं. लिहिलंय ना त्यात?"

मी त्याच कॉर्पोरेशनची. ज्या लशींच्या नोंदी बघून या शाळेने माझ्या मुलीला घेतलं त्या नोंदी आमच्या सिस्टरच्या हातच्या. लस कॉर्पोरेशनची चालते. डोकं चालत नाही.

बुधवारी ठाण्याला गेलो, नौपाड्यात. पॅनलवरच्या डॉक्टरांचा दवाखाना तिथे. सकाळी दहाला नंबर लावला, डॉक्टर कुठल्याशा कॅम्पवरून एकला आले, दीडला आत गेलो. डॉक्टरांनी समूकडे पाहिलंही नाही. म्हणजे चेहरा पाहिला, डोक्यापर्यंत नजर गेली नाही. कोणती शाळा विचारलं, छापील फॉर्म काढला, सही केली, तारीख घातली. मी म्हटलं, "डॉक्टर, एकदा डोकं बघता का?"

"कापलेत ना केस? मग झालं."

शुक्रवारी ती शाळेत गेली. घरी आली ती गप्प. दोन दिवसांनी कळलं की तिला शेवटच्या बेंचवर बसवलंय, एकटीला. का, तर काही पालकांनी तसं सुचवलं. किती दिवस, ते कुणी सांगितलं नाही. मी विचारायला गेले नाही. मला वाटलं, दोन आठवड्यांत विसरतील. विसरले. पोरगी शेवटच्या बेंचवर आहे हेच विसरले.

मग डायरीत शेरे यायला लागले. फळ्यावरचं उतरवून घेत नाही. वर्गात लक्ष नाही. शेजारच्या ओळीतल्या मुलीच्या वहीत बघते. गणितात तीनचे आठ केलेले, आठचे तीन. चाचणीत प्रश्नच चुकीचे उतरवलेले, म्हणून उत्तरं चुकीची. दुसरीत हीच पोरगी पहिल्या पाचात होती. मी तिला ओरडले. तिच्या बापानेही ओरडून पाहिलं. तो मानपाड्याला एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत आहे, शिफ्टवरून येतो तेव्हा त्याचे स्वतःचे डोळे लाल झालेले असतात. तो म्हणाला, "एवढी चांगली शाळा मिळालीये आणि ही अशी करते."

ती म्हणायची, "मला येतं आई. पण ते फळ्यावर हलतं."

मी म्हणायचे, "नाटकं करू नको."

लिहायचंच ठरवलंय तर हे गाळणार नाही. मी दुसऱ्यांच्या पोरांच्या डोळ्यांत टॉर्च मारत फिरणारी बाई. माझ्या घरात पोर सांगतेय, अक्षरं हलतात. आणि मी म्हणतेय, नाटकं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेने बोलावलं. वर्गशिक्षिका होत्या आणि वेलनेस मॅडम. या वेळी खुर्ची दिली. मॅडमच्या समोर समूचं हेल्थ कार्ड होतं. गुळगुळीत, घडीचं, वर शाळेचं चिन्ह.

"हे बघा," त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "आम्ही सगळं तपासलंय. वजन नॉर्मल, उंची नॉर्मल, दात ठीक, डोळे सिक्स बाय सिक्स. शारीरिक काही नाही. मग प्रॉब्लेम कुठे उरतो?" त्यांनी आपल्या कपाळावर बोट टेकवलं. "इथे. यात लाजण्यासारखं काही नाही. घरात वातावरण नसलं की होतं असं. काही मुलांची कुवतच तेवढी असते."

वर्गशिक्षिका खाली बघत होत्या.

"आमचं मत असं की तिच्यासाठी मराठी माध्यम बरं. कॉर्पोरेशनच्या शाळेत ती सुखी राहील. आपल्या लोकांत. आम्ही दाखला लगेच देऊ. हा संमतीचा फॉर्म आहे, यावर सही करून, आणि कार्डाच्या मागे पालकांची सही असते ती राहिलीये, तीही करून, सोमवारी आणून द्या."

आपल्या लोकांत. हे शब्द त्यांनी कसे उच्चारले, ते मला इथे लिहून दाखवता येत नाही.

कार्ड आणि फॉर्म पर्समध्ये घालून मी घरी आले. रडत आले हे खरं. सही करायच्या तयारीने आले हेही खरं. मला खरंच वाटलं की पोरीची कुवत नाही.

संध्याकाळी चहा झाल्यावर पेन घेतलं आणि कार्ड उलटायच्या आधी एकदा उघडलं. वजन बावीस. उंची एकशे वीस. नाडी, दात, कान, डोळे. सगळ्यांपुढे एकच खूण, एकाच झोकाची, एकाच दमात ओढलेली.

मी ते ओळखलं. कसं ओळखलं, ते सांगते.

आशा झाल्यावर पहिल्या वर्षी मी असंच केलेलं. बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जायचं, बाळाला झोळीच्या काट्यात घालून वजन घ्यायचं, फॉर्ममध्ये लिहायचं. एका आठवड्यात समूला ताप होता, मी गेलेच नाही. घरी बसून तीन बाळांचे फॉर्म भरले. अडीच, अडीच, पावणेतीन. सिस्टरने नुसते फॉर्म हातात घेतले आणि मला समोर बसवलं. आमच्या सिस्टर नोकरीत मुरलेल्या, निवृत्तीला आलेल्या. म्हणाल्या, "खरं वजन कधी इतकं गोल येत नाही गं. खऱ्या फॉर्मवर पेन थांबतं, खोडाखोड होते, बाळ मुततं, कागद ओला होतो. हा घरी बसून भरलेला कागद आहे. हे बाळ तू पाहिलंच नाहीस. ते मेलं असतं तरी तुझ्या फॉर्मवर अडीच किलोच राहिलं असतं."

त्या दिवशी मी तिन्ही घरी गेले. एक बाळ खरंच खंगलेलं होतं. वेळेवर सापडलं म्हणून जगलं. माझ्या फॉर्मवर ते ठणठणीत होतं.

म्हणून मला ते कार्ड बघताच कळलं. घरी बसून भरलेला कागद होता तो. फक्त गुळगुळीत.

मी उठले. आरोग्य केंद्रातून दृष्टी तपासायचा तक्ता आणला, इंग्रजी ई अक्षराचा, ज्यात मुलांनी बोटांनी फाटे कुठल्या बाजूला ते दाखवायचं असतं. चाळीच्या गॅलरीत एका टोकाला टांगला, टेपने वीस फूट मोजले, समूला उभं केलं. एक डोळा तळव्याने झाकायला लावला.

पहिली ओळ तिने दाखवली. दुसरी दाखवली, अडखळत. तिसऱ्या ओळीला तिचा हात हवेत तसाच राहिला.

"कुठे आहेत फाटे?"

"आई, तिथे काही आहे का?"

चार ओळी खाली अजून होत्या. मी दुसरा डोळा झाकायला लावला. तेच. मी गॅलरीतच खाली बसले. शेजारची म्हातारी विचारायला लागली काय झालं, तर मी तिला नुसता तक्ता दाखवला. जुलैपासून ही पोरगी शेवटच्या बेंचवरून पांढरा धुरळा बघत होती. आणि मी तिला सांगत होते, लक्ष दे.

सरकारी दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांना साडेतीनच्या आसपास नंबर निघाला. तिथला डोळे तपासणारा मुलगा म्हणाला, "आधी कुणी चेक नाही केलं? शाळेत तर कॅम्प होतात ना."

होतात. मी घरी येऊन कार्डावरची तारीख बघितली. मग माझी कामाची डायरी काढली. मी कागद टाकत नाही, ती सवय कामाने लागलीये. सेफ्टी पिनची भोकं पडलेली ती चिठ्ठी डायरीत होती. लाजेने ठेवलेली, कुणाला दिसू नये म्हणून. तिच्यावर तारीख सोमवारची. पुढचे तीन दिवस शाळेत पाठवू नये. हेल्थ कार्डावर तारीख त्याच आठवड्यातल्या बुधवारची.

म्हणजे ज्या बुधवारी माझी मुलगी घरी बसवलेली होती, त्याच बुधवारी शाळेत तिचे डोळे तपासले. कार्डावर ज्या डॉक्टरांची सही आहे त्यांच्यासमोर ती त्या दुपारी नौपाड्यात उभी होती, आणि तिथे त्यांनी तिच्या डोक्याकडेही पाहिलं नाही. उवांच्या सर्टिफिकेटवर तीच सही, तीच तारीख.

उवा शोधायला आमची पोरं सापडली. डोळे तपासायला सापडली नाहीत.

मी रेश्माकडे गेले. रेश्मा मानपाड्याला राहते, तिचा साहिल समूच्या वर्गात, तोही आरटीईचा. साहिलला विचारलं, त्या कॅम्पला तुला काय काय केलं? तो म्हणाला, "आम्हाला नाही नेलं. फीवाल्यांना हॉलमध्ये नेलं. आम्ही पाच जण वर्गातच बसलेलो. टीचरने चित्र काढायला दिलं." रेश्माने कपाटातून त्याचं कार्ड काढलं. वजन बावीस. उंची एकशे वीस. साहिल समूपेक्षा वीतभर उंच आहे.

"माझ्याबरोबर सोमवारी चल," मी म्हणाले. "कार्ड घेऊन."

रेश्माने कार्ड परत कपाटात ठेवलं. "अगं तुझं ठीक आहे, तू आशा आहेस, तुला बोलता येतं. माझ्या पोराला काढलं तर मी कुठे जाऊ? ती शाळा मिळायला तीन वर्षं अर्ज केलेत मी."

"त्याचे डोळे कुणी बघितलेत का?"

"बघेन मी. बाहेरून बघेन. तू माझं नाव घेऊ नको."

मला तिचा राग आला नाही. जुलैत मी तिच्याहून वेगळी काय होते.

सोमवारी एकटीच गेले. सगळ्यांच्या झेरॉक्स घेऊन. चिठ्ठी, नौपाड्याचं सर्टिफिकेट, हेल्थ कार्ड, सरकारी दवाखान्याचा नंबराचा कागद. या वेळी प्रिन्सिपल मॅडमही होत्या. मी खुर्चीवर बसले, कुणी सांगायच्या आधी, आणि चारही कागद ओळीने टेबलावर मांडले. वाचू दिलं.

वेलनेस मॅडमना आधी कळलं. त्यांनी कार्डाची झेरॉक्स स्वतःकडे ओढली.

"क्लेरिकल मिस्टेक आहे," त्या म्हणाल्या. "इतकी मुलं असतात. कार्ड द्या, ओरिजिनल, मी नवीन करून देते."

"ओरिजिनल घरी आहे."

"ते शाळेचं असतं. परत करायचं असतं."

"करणार नाही."

प्रिन्सिपल मॅडमनी हात वर केला. शांत बाई. पुण्याकडचं स्वच्छ मराठी. "हे पहा, तुम्ही रागावलेल्या आहात, ते मी समजू शकते. समीक्षा उद्यापासून पहिल्या बाकावर बसेल. चष्मा शाळा करून देईल. तो संमतीचा अर्ज आपण फाडून टाकू. आपल्याला मुलीचं हित पाहायचं आहे. बरोबर?"

क्षणभर मला हो म्हणायचं होतं. हेही गाळत नाही. पहिला बेंच. पोरीला फळा दिसेल. शाळा टिकेल. त्यासाठीच तर मी आलेले. तोंडात हो आलेलं.

"आणि बाकीचे पाच?" मी विचारलं.

"बाकीचे कोण?"

"आरटीईचे. त्यांना त्या दिवशी वर्गात बसवून ठेवलेलं."

वेलनेस मॅडम पुढे झुकल्या. "त्यांचे पालक आलेत का तक्रार घेऊन? तुम्ही तुमच्या मुलीचं बघा. दुसऱ्यांचं बघायला तुम्हाला कुणी सांगितलंय?"

नोकरीच आहे माझी, दुसऱ्यांचं बघायची. मी ते बोलून दाखवलं नाही. मला सिस्टरचा आवाज ऐकू आला, मेलं असतं तरी अडीच किलोच. तिथे पाच पोरं होती, कार्डावर ठणठणीत. कुणी पाहिलेलं नव्हतं. आणि मला सांगत होते की माझ्या एकीचं झालं की घरी जा.

"मॅडम, मी संमतीवर सही करत नाही," मी म्हणाले. "कार्डाच्या मागेही करत नाही. शाळेत जितकी आरटीईची मुलं आहेत त्या सगळ्यांची तपासणी परत करायची. फीवाल्यांची जिथे झाली त्या हॉलमध्ये. त्याच रांगेत. आणि उवा बघायच्या तर पहिल्या बेंचपासून बघायच्या, सगळ्यांच्या, हाताने. हे मला लेखी पाहिजे."

"तुम्ही आम्हाला अटी घालताय?"

"हो."

बाहेर आले. वॉचमनच्या खुर्चीचा आधार घेऊन उभी राहिले. तीच खुर्ची.

लेखी आलं नाही. मी शिक्षण विभागात अर्ज दिला, पालिकेच्या आरोग्य विभागात दिला, पोच घेतली. चार दिवसांत मला वरून बोलावणं आलं. साहेब म्हणाले, "तुम्ही मानधनावरच्या बाई. शाळांशी भांडायला ठेवलंय का तुम्हाला? तुमच्या जागेवर यायला लाइन आहे." मी म्हणाले, "साहेब, कागद वाचलेत का?" ते म्हणाले, "कागद राहू द्या." सिस्टर तेव्हा दारात उभ्या होत्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "अर्ज मागे घेतलास तर माझ्यासमोर येऊ नको."

समू पहिल्या बेंचवर बसत नाही. बसवली नाही. चष्मा आम्ही केला. शेवटच्या बेंचवरून आता तिला फळा दिसतो आणि पुढे बसलेल्यांच्या पाठीही दिसतात. केस मानेपर्यंत आलेत. ती मला हात लावू देत नाही. स्वतः विंचरते, आरशासमोर, चष्मा घालून. एकदा मी फणी घ्यायला हात पुढे केला तर म्हणाली, "तू नको." बरोबर आहे तिचं. मॅडमनी पेन्सिल लावली, कात्री मी लावली. त्याची माफी मागितली, तिने दिली नाही. देईल तेव्हा देईल.

रविवारी मी गॅलरीत तक्ता टांगते. वीस फूट मोजून खडूने रेघ मारलीये. पहिल्या रविवारी कुणी आलं नाही. दुसऱ्या रविवारी रेश्मा आली, साहिलला घेऊन, जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. आत ये म्हटलं तर म्हणाली, इथूनच बघ. साहिलचा डावा डोळा कमी निघाला. तिने तिथेच पिशवीतून कार्ड काढून माझ्या हातात दिलं आणि खाली उतरली. माझं धरून आता चार कार्डं आहेत. सगळ्यांवर बावीस किलो.

शाळेतून परवा पुन्हा छापील कागद आलाय. नव्या वर्षाचं हमीपत्र. आरोग्याची सर्व जबाबदारी कुटुंबाची, मूळ हेल्थ कार्ड सही करून परत करावे, न केल्यास पाल्यास वर्गात बसू दिले जाणार नाही. समूने ते मला वाचून दाखवलं, इंग्रजीतलं, न अडखळता. मग विचारलं, "सही करणार?"

"नाही."

"मग मला फाटकाशी उभं करतील."

"करतील. मी पण उभी राहीन, तुझ्या शेजारी. कामाची पिशवी घेऊन, आशाचं ओळखपत्र गळ्यात घालून. कोण आलं, काय म्हणालं, किती वाजता म्हणालं, सगळं डायरीत लिहीन."

मी ते हमीपत्र फाडलं नाही. फाडायचं नसतं. तारीख टाकून डायरीत ठेवलं, त्या पिनेच्या चिठ्ठीच्या मागे. मूळ कार्डं माझ्याकडे आहेत. त्या हॉलमध्ये शेवटच्या पोराचे डोळे कुणीतरी खरोखर बघेपर्यंत ती माझ्याकडेच राहतील, आणि ज्या दिवशी बघतील त्या दिवशी मी आत उभी असेन, खुर्ची देवोत न देवोत.